घाटाकडून येणारे आभाळ

मे महिना सरत आला की बदलापूर गावात दुपारनंतर माना घाटाकडे वळू लागतात. जून ते सप्टेंबर पाऊस मुंबईच्या अंगाने येतो, समुद्रावरून, खाडी ओलांडून, मलंगगडाच्या डोंगरावर चढून. वळवाचा पाऊस मात्र उलट्या वाटेने उतरतो. भीमाशंकर, सिद्धगड, गोरखगड या बाजूला आधी पांढरे डोंगर उभे राहतात, मग त्यांची पायथ्याची रेघ काळी पडते, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते सगळे उल्हासच्या खोऱ्यावर चालून येते. ज्याचे धूळवाफे भाजून तयार आहेत, ज्याची पेंढ्याची उडवी अजून उघडी आहे, त्याला हे उलटे येणे चांगलेच ठाऊक असते.

या गावात आभाळ वाचायचे तर दिशेचा घोळ आधी सोडवावा लागतो. फलाटावरच्या पाटीवर ज्या बाजूला ‘पूर्व’ लिहिले आहे, त्या बाजूला तावली, चंदेरी, म्हैसमाळ ही माथेरानची रांग आहे, आणि ती खरी नैर्ऋत्येला व दक्षिणेला आहे. ‘पश्चिम’ म्हणवणारी बाजू, जिथे नदीकडे तोंड करून जुने गाव वसले आहे, ती ईशान्येकडे उघडते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग कल्याणला वळण घेतो आणि आग्नेयेकडे धावू लागतो. पाट्यांनी मात्र वळण घेतलेले नाही. १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीकडे पहिली गाडी गेली तेव्हापासूनचा हा वारसा. पावसाला पाट्यांशी देणेघेणे नसते, म्हणून जुन्या वस्तीत ‘पूर्वेकडून आले’ असे म्हणण्यापेक्षा ‘घाटाकडून आले’ असे म्हटलेलेच बरे.

खोऱ्याचा आकार एकदा डोळ्यांपुढे आणला की पुढचे सगळे सोपे होते. राजमाचीच्या दरीत उगम पावलेली उल्हास कर्जत, नेरळ, वांगणी अशी उत्तरेकडे येते. तिच्या डाव्या हाताला माथेरानची रांग, सुमारे आठशे मीटर उंच. उजव्या हाताला, बारवीच्या टेकड्यांपलीकडे, सह्याद्रीची खरी भिंत. बदलापूरहून भीमाशंकरचा माथा सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. दोन भिंतींमधली ही लांबट परात. समुद्रावरून आलेला ओला वारा पहिल्या भिंतीवर एकदा चढतो, परातीत थोडा सैलावतो आणि दुसऱ्या भिंतीवर पुन्हा चढतो. या चढण्या-उतरण्यातच इथल्या विचित्र ढगांची सारी घडण आहे.

अशा ढगांची एक गाजलेली नोंद या परातीच्या ईशान्य काठावर झाली. जागा हरिश्चंद्रगड, बदलापूरपासून सरळ रेषेत साठेक किलोमीटर. गड अहिल्यानगर जिल्ह्यात मोडतो, पण त्याचा कोकणकडा खाली ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, बेलपाड्याच्या रानात उतरतो. त्या बाजूला पडलेले पाणी काळू नदीला आणि पुढे उल्हासलाच मिळते. म्हणजे ज्या धुक्याची ही गोष्ट आहे ते आपल्याच खोऱ्याचे.

गोष्टीतला माणूस विल्यम हेन्री साइक्स. १७९० मध्ये जन्मलेला, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी. १८२४ मध्ये त्याला दख्खनची आकडेवार पाहणी करण्याचे काम मिळाले आणि पुढची काही वर्षे तो या प्रदेशात हिंडत राहिला. जमीन, पिके, लोकसंख्या, पक्षी, मासे, पाऊस, हवेचा दाब, जे मोजता येईल ते त्याने मोजले. माळरानावरच्या एका चंडोलाला आजही पक्षीनिरीक्षक ‘साइक्सचा चंडोल’ म्हणतात. १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा दख्खनच्या हवामानावरचा लांबलचक निबंध छापला गेला. हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, हा त्या निबंधाचा मुख्य विषय. पण आज तो निबंध ज्या मजकुरासाठी आठवला जातो, तो जेमतेम एखाद्या परिच्छेदाचा.

साइक्स गडाच्या वायव्येकडच्या कड्यावर उभा होता. कडा त्याच्या अंदाजाने दोन-तीन हजार फूट उभा तुटलेला. खालून कोकणातले धुके वर चढत होते. कड्याच्या पातळीच्याही थोडे वर येत होते, पण पठारावर सांडत नव्हते. जणू काठोकाठ भरलेले भांडे. त्याच्या पाठीशी सूर्य, अगदी खालच्या कोनात, आणि आभाळ स्वच्छ. समोरच्या धुक्याच्या पांढऱ्या भिंतीवर एक पूर्ण गोल रंगीत कडे उमटले. अर्धे तो उभा होता त्या पातळीच्या वर, अर्धे खाली. रंग लखलखीत. आणि त्या कड्याच्या मधोमध चौकटीत बसवल्यासारख्या सावल्या: स्वतः साइक्सची, त्याच्या घोड्याची, बरोबरच्या माणसांची.

बरोबरची माणसे चकित झाली. समोर दिसणाऱ्या आकृती आपल्याच सावल्या आहेत हे त्यांना पटेना. मग त्यांनी हात वर केले, पाय झाडले, अंग वाकवून पाहिले, आणि कड्यातल्या आकृती तसेच करतात का ते तपासले. साइक्सने त्यांच्या मनातल्या भावनेला अंधश्रद्धा म्हटले आहे. ती ओसरायला थोडा वेळ लागला, असे तो लिहितो. पण मजकूर नीट वाचला की वेगळेच दिसते. एक अनोळखी दृश्य समोर आले, त्याबद्दल एक दावा केला गेला, आणि त्या लोकांनी तो मान डोलावून स्वीकारण्याऐवजी करून पाहिला. गडावर प्रयोग केला तो या माणसांनी. साइक्सने आकार ताडला: धुके जवळ असल्याने कड्याचा व्यास पन्नास-साठ फुटांहून जास्त नसावा. प्रयोग करणाऱ्यांची नावे त्याने लिहिली नाहीत.

साइक्सने त्याला गोल इंद्रधनुष्य म्हटले. आज गिर्यारोहक त्याला इंद्रवज्र म्हणतात. भौतिकशास्त्रात मात्र हे इंद्रधनुष्य नव्हे. इंद्रधनुष्य पावसाच्या थेंबांत बनते. थेंब मिलिमीटरच्या मापाचे, आणि धनुष्याची त्रिज्या पाहणाऱ्याच्या डोळ्यापाशी सुमारे बेचाळीस अंशांचा कोन करते. इंद्रवज्र धुक्याच्या कणांत बनते. कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, आणि कडे फक्त काही अंशांचे. प्रकाश या इवल्या कणांतून जवळजवळ आल्या दिशेलाच परत फिरतो, आणि त्या परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून रंग उमटतात. कण जितके बारीक, तितके कडे मोठे. कण जितके एकसारखे, तितके रंग स्वच्छ. काटेकोर गणित मांडायला १९०८ साल उजाडावे लागले, तेव्हा जर्मनीच्या गुस्ताव मी याने गोल कणांवरून प्रकाश कसा विखुरतो याची समीकरणे लिहिली.

जगात हे दृश्य साइक्सच्या आधीही पाहिले गेले होते. अठराव्या शतकात पृथ्वीचा आकार मोजायला दक्षिण अमेरिकेत गेलेल्या फ्रेंच-स्पॅनिश मोहिमेतल्या बुगेर आणि उयोआ यांनी अँडीजच्या एका शिखरावर ते पाहिले. जर्मनीतल्या ब्रॉकेन डोंगरावर धुक्यात पडणाऱ्या राक्षसी सावल्यांना तर त्या डोंगराचेच नाव मिळाले. आणि १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत काही आठवडे काम करताना चार्ल्स विल्सन या तरुणाने अशीच रंगीत कडी पाहिली. ती प्रयोगशाळेत बनवावीत म्हणून त्याने बंद भांड्यात ढग तयार करायला सुरुवात केली. त्या धडपडीतून ‘क्लाउड चेंबर’ जन्माला आले, ज्यात विद्युतभारित कणांचे मार्ग धुक्याच्या रेघांनी दिसू लागले. १९२७ मध्ये विल्सनला नोबेल मिळाले. एका डोंगरावरच्या धुक्याने अणुविज्ञानाला डोळे दिले.

हरिश्चंद्रगडावरचे धुके काठावर का थांबले, हाही प्रश्न तितकाच मोलाचा आहे. कोकणातली हवा दमट, जड आणि खाली कोंडलेली. तिच्या वर, पठाराच्या पातळीला, देशावरची कोरडी हवा झाकणासारखी पसरलेली. कड्याचा आकार आत वळलेला, वाटीच्या अर्ध्या कापासारखा, त्यामुळे वारा त्याच्या पोटात शिरतो आणि सरळ वर चढतो. वर चढताना थंड होतो, थंड होताना त्यातली वाफ कणाकणाने साकळते, आणि माथ्यावर कोरडी हवा लागली की ते कण पुन्हा विरतात. त्यामुळे ढगाची भिंत उभी राहते, पण पुढे सरकत नाही. ती स्थिर दिसते खरी. आतले कण मात्र सतत नवे असतात, नदीतल्या भोवऱ्यासारखे.

इथे एक गोष्ट मनात येते. हजारो वर्षे या डोंगरांत माणसे राहत आली. त्यांनी असे ढग पाहिले नसतील हे शक्य नाही. मग आपल्या भाषेत त्यांच्या आकारांना नावे का नाहीत?

नावे होती, पण ती दुसऱ्या कामाची होती. ‘कृषिपाराशर’ या जुन्या शेतीग्रंथात मेघांचे चार प्रकार आहेत: आवर्त, संवर्त, पुष्कर, द्रोण. आवर्त ठरावीक जागीच बरसतो, संवर्त सगळीकडे, पुष्कराचे पाणी थोडे, द्रोणाचे भरपूर. पंचांगाच्या संवत्सरफळात ही नावे आजही येतात. हे वर्गीकरण ढग दिसतो कसा यावर नाही, तो देतो काय यावर आहे. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मेघगर्भाची कल्पना मांडली: थंडीच्या दिवसांत ढगांना गर्भ राहतो आणि एकशे पंचाण्णव दिवसांनी तो पाऊस होऊन प्रसवतो. त्याने रंगरूपाकडेही पाहिले. मोत्याचांदीसारखे, काजळासारखे, पाण्यातल्या प्राण्यांच्या आकाराचे ढग भरपूर पाणी देतात, असे त्याने नोंदवले. पण तिथेही नजर पाण्यावर. गावातल्या बोलीचा कलही तोच. मिरगाचा पाऊस, पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्ती. मळभ, झाकोळ, कुंद, शिरवे. पावसाच्या वयाला आणि स्वभावाला शब्द आहेत. सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेले ठोकताळेही पेरणी कधी करावी याचे. ज्याच्या खळ्यात वर्षभराचा भात या चार महिन्यांत ठरतो, त्याने ढगाला काय विचारावे? आकार विचारणारा माणूस वेगळ्या गरजेतून आला.

तो आला लंडनमधून. डिसेंबर १८०२ मध्ये ल्यूक हॉवर्ड या औषधविक्रेत्याने मित्रांच्या एका विज्ञानमंडळात व्याख्यान दिले आणि ढगांना लॅटिन नावे दिली. सिरस म्हणजे केसाची बट, क्युम्युलस म्हणजे ढीग, स्ट्रेटस म्हणजे थर, निंबस म्हणजे पावसाचा ढग. मराठीत ते तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ, वर्षामेघ झाले. हॉवर्डचे खरे शहाणपण असे की ही रूपे एकमेकांत बदलतात हे त्याने आधीच मान्य केले. नावे जोडता येतील अशी ठेवली. १८९६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह निघाला, रंगीत चित्रांसह, म्हणजे मुंबईच्या आणि पॅरिसच्या निरीक्षकाने एका ढगाला एकच नाव द्यावे. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून उभी होती. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला. आज निरीक्षक ठरलेल्या वेळी बाहेर येतो, आभाळाचे मनाने आठ भाग करतो, त्यातले किती झाकले आहेत ते लिहितो, आणि खालचे, मधले, वरचे ढग कोणते ते आकड्यांत नोंदवतो.

मेघसंग्रहाची ताजी आवृत्ती मार्च २०१७ मध्ये जागतिक हवामान संघटनेने काढली. तीत ‘ॲस्पेरिटास’ हा नवा प्रकार आला: खवळलेला समुद्र खालून पाहावा तसा ढगाचा तळ. २००६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात काढलेल्या एका छायाचित्रावरून ढगांच्या हौशी अभ्यासकांनी त्याचा आग्रह धरला आणि दहा-अकरा वर्षांनी तो मान्य झाला. म्हणजे ढगांच्या यादीत भर घालायला वेधशाळेतच असावे लागते असे नाही. बदलापुरातही हौशी हवामान अभ्यासकांची स्वयंचलित यंत्रे आहेत, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा वृत्तपत्रे त्यांचेच आकडे छापतात. ही भर मोठी आहे.

आता पुन्हा खोऱ्यात. जूनच्या पहिल्या सरी पडून गेल्या की चंदेरीच्या सुळक्यावर सकाळी एक पांढरी टोपी बसलेली दिसते. इतर आभाळ मोकळे असले तरी ती तिथेच असते. वारा डोंगरावर चढतो, माथ्यापाशी वाफ साकळते, पलीकडे उतरताना हवा तापते आणि कण विरतात. कोकणकड्यावरच्या भिंतीचेच हे धाकटे भावंड. वाऱ्याचे थर शांत आणि एकावर एक नीट रचलेले असतील, तर डोंगर ओलांडलेली हवा पलीकडे लाटांसारखी वरखाली होत राहते. लाटेच्या प्रत्येक माथ्यावर ताटलीच्या, मसुराच्या डाळीच्या आकाराचे ढग बनू शकतात. हिमालयात आणि आल्प्समध्ये ते नेहमीचे. सह्याद्रीत पावसाळ्यातली हवा इतकी ओली आणि अस्वस्थ असते की लाटेला आकार धरायला सवड मिळत नाही, म्हणून ते इथे विरळा.

या लाटांचा अभ्यास मात्र नेमका याच पट्ट्यात झाला. १९६० च्या दशकात आर. पी. सरकार या हवामानशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटावरून जाणाऱ्या वाऱ्याचे गणित मांडले, आणि त्यासाठी मुंबई ते पुणे हा काप निवडला. मोसमी वारा घाटावर चढताना किती पाऊस सोडेल हे त्यांनी समीकरणांतून काढले आणि पर्जन्यमापकांशी ताडून पाहिले. पाऊस किनाऱ्यापासून आत वाढत जातो, माथ्याच्या किंचित अलीकडे सर्वाधिक होतो आणि पलीकडे झपकन कमी होतो, हे त्यांच्या आकृतीत स्वच्छ दिसते. बदलापूर त्या चढणीच्या मधल्या पायरीवर येते. लोणावळ्याएवढा पाऊस इथे पडत नाही, पण घाटाच्या अलीकडे पडलेले पाणी उल्हास इथूनच नेते.

माथेरानचा इतिहास याला एक गमतीचा कोपरा जोडतो. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढला आणि पुढे साहेबांच्या हवापालटाचे गाव वसले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. पण मोसम असायचा उन्हाळ्याचा आणि पावसानंतरचा. पावसाळा लागला की बंगले बंद होत, गाडी थांबे. ढगांचा खरा बाजार भरतो त्याच महिन्यांत लिहिणारी माणसे खाली निघून जात. वर राहत ते ठाकूर आणि कातकरी, ज्यांनी सगळे पाहिले आणि ज्यांच्या हाती कोणी वही दिली नाही. साइक्सच्या निबंधातल्या निनावी माणसांसारखेच.

वळवाच्या ढगांकडे परतायला हवे, कारण विचित्र आकारांची खरी श्रीमंती तिथे आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी समुद्रावरून येणारी दमट हवा खोऱ्यातून घाटाच्या पायथ्याशी पोचते. भिंत तापलेली असते. हवा वर उसळते, राशिमेघ फुगतो, आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दाणेदार माथा चढू लागतो. तो चढताना त्याच्या डोक्यावरची हवा ढकलली जाते, आणि क्षणभर माथ्यावर रेशमी बुरख्यासारखा पातळ ढग येतो. पुढच्या काही मिनिटांत ढग तो बुरखा फाडून वर निघतो. सोळा-सतरा किलोमीटरवर वातावरणाच्या खालच्या थराचे छत लागते. तिथे वर जायला वाट नसते, म्हणून ढग आडवा पसरतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा होतो. वरचे वारे पूर्वेचे असतील तर ही ऐरण आधी बदलापूरच्या डोक्यावर येते. पाऊस अजून घाटातच असतो.

या ऐरणीच्या खालच्या अंगाला कधी कधी गोल पिशव्या लोंबतात, एकाला एक लागून. त्यांचे शास्त्रीय नाव ‘मामा’, लॅटिनमध्ये स्तन. दुभत्या म्हशीची कास पाहिलेल्या माणसाला वेगळी उपमा शोधावी लागणार नाही. ढग सहसा वर फुगतात. हे खाली फुगतात, कारण इथे बर्फकणांनी जड झालेली थंड हवा खाली बुडत असते. ती नेमकी कशामुळे बुडते याबद्दल शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. बदलापूरहून ते दिसतात तेव्हा एक योग जुळतो: ढग घाटाकडे आणि मावळता सूर्य मुंबईकडे. तिरपे ऊन खालून त्या पिशव्यांवर पडते आणि राखाडी आभाळाला तांब्याचा रंग येतो. कल्याण-डोंबिवलीतून घाट इतका जवळून दिसत नाही. या बाबतीत बदलापूरकर नशीबवान.

मग पट्टा येतो. वादळाच्या पोटातून कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटून सर्व बाजूंना पसरते. तिची पाचर पुढच्या गरम, दमट हवेखाली घुसते, ती हवा उचलली जाते, आणि वादळाच्या तोंडाशी फळीसारखा लांब, काळानिळा ढग तयार होतो. त्याचा पुढचा काठ गुळगुळीत, पोट फाटकेतुटके. हा ढग स्वतः पाऊस पाडत नाही, पण तो डोक्यावरून गेला की दहा-पंधरा मिनिटांत सगळे सुरू होते. आधी धूळ, मग मातीचा वास, मग वारा, मग टपोरे थेंब. झाडावर उरलेल्या जांभळांचा सडा पडतो, आणि बदलापूरची जांभळे प्रसिद्ध असल्याने तो तोटा खराखुरा असतो.

पावसाळ्यातले ढग याहून बुटके. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासासाठी उंचावरची प्रयोगशाळा उभारली, जिथे ढग खिडकीतून आत येतात. घाटमाथ्यावरचा बराचसा पाऊस उथळ ढगांतून पडतो, ज्यांत बर्फ बनण्याची वेळच येत नाही, थेंब थेंबांना गिळत मोठे होतात. म्हणूनच तो तासन्‌तास, न गर्जता पडत राहतो. जुलैत गडगडाट नाही आणि तरी नदी चढते, याचा उलगडा इथे आहे.

अपवाद भयंकर असतात. २६ जुलै २००५ ला कुलाब्याला ७३ मिलिमीटर आणि सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशीचे ढग बुटके नव्हते. त्यांची उंची पंधरा किलोमीटरपर्यंत गेल्याचे सांगितले जाते. मुंबईत तेव्हा डॉप्लर रडार नव्हते. उल्हासला पूर आला, बदलापूर, अंबरनाथ, कल्याणच्या नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. नंतर कुलाब्याला आणि आणखी काही वर्षांनी वेरावलीला रडार बसले. बरोबर चौदा वर्षांनी, २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल आणि चामटोलीसारख्या जवळच्या गावांतले लोक यांनी हजारावर प्रवाशांना बाहेर काढले. रडारच्या पडद्यावर ढग लाल-जांभळा दिसतो. रुळावरच्या माणसाला तो फक्त काळोख दिसतो.

पाऊस सरला की तेच खोरे तिसरे रूप दाखवते. नोव्हेंबर ते जानेवारीच्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते. दोन्ही डोंगरांच्या उतारांवरून गार, जड हवा ओघळून परातीत साठते. नदीचा ओलावा तिथे असतोच. पहाटे धुके धरते, वांगणी-बदलापूर पट्ट्यात सिग्नल दिसेनासे होतात आणि कर्जतकडच्या लोकल उशिरा धावतात. फलाटावर मफलर गुंडाळून उभ्या असलेल्या माणसाला ते धुके वाटते. त्याच वेळी माथेरानच्या पॅनोरमा पॉइंटवर किंवा चंदेरीच्या माथ्यावर उभ्या असलेल्याला तो ढग असतो: खाली पसरलेला पांढरा समुद्र आणि त्यातून बेटांसारखे वर आलेले डोंगर. एकच वस्तू, दोन नावे.

या धुक्यात आता आणखी काही मिसळले आहे. वाफेला साकळायला कणाचा आधार लागतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन एटकन या स्कॉटिश संशोधकाने धूळ गाळलेल्या हवेवर प्रयोग करून दाखवले. कण नसतील तर हवा ओलीगच्च असूनही ढग धरत नाही. कालिदासाने मेघदूतात मेघाच्या घटकांत धुराला स्थान दिले होते, ते कवीचे निरीक्षण असले तरी नेमके. या खोऱ्यात धूर जुना आहे. उन्हाळ्यात भाताची रोपे टाकायच्या जागेवर शेणगोवऱ्या, पालापाचोळा पसरून राब भाजायचा, आणि एप्रिलच्या संध्याकाळी डोंगरपायथ्याला निळ्या धुराचे आडवे पट्टे तरंगायचे. राब भाजणारे हात कमी झाले. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींची धुराडी आली. हिवाळ्यात खालच्या थंड हवेवर वरची उबदार हवा झाकण घालते तेव्हा हा धूर वर जाऊ शकत नाही. धुके जास्त दाट, जास्त करडे होते आणि दहा वाजले तरी उठत नाही. २०१७ च्या मेघसंग्रहात माणसाच्या उद्योगातून जन्मणाऱ्या ढगांसाठी ‘होमोजेनिटस’ हा स्वतंत्र शब्द आला आहे. विमानांच्या मागे उरणाऱ्या रेघाही त्यातच मोडतात. हवेची ही बिघडलेली तब्येत या खोऱ्यातल्या माणसांनी सहन करावी असे नाही. धुक्यात काय मिसळते हे मोजले गेले पाहिजे आणि ते रोज लोकांना कळले पाहिजे.

कोकणकड्यावर आता पाऊस ओसरताना गर्दी असते. माळशेज घाटातून खिरेश्वरला उतरून, तोलारखिंड चढून मुले पहाटे कड्यावर पोचतात, त्यांतली बरीच कल्याण, अंबरनाथ, बदलापूरची. सूर्य पाठीशी वर येतो. खालून, बेलपाड्याच्या रानातून, धुके चढते. ते कड्याच्या काठाशी येऊन थांबले आणि उन्हाने दगा दिला नाही, तर समोर रंगीत कडे उमटते. सावल्या सगळ्यांच्या दिसतात, पण कडे प्रत्येकाला फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते; शेजाऱ्याच्या डोक्याभोवती नाही, कारण प्रकाश आल्या वाटेने ज्याच्या त्याच्या डोळ्याकडेच परततो. शेजारी उभे असलेले दोघे त्यावरून हमखास वाद घालतात, कडे आहे कोणाच्या सावलीभोवती. मग एकजण हात वर करतो, दुसरा पाय झाडतो, आणि दोघेही धुक्याकडे पाहत राहतात.